प्रत्येक पेशीच्या गच्चीवर

तीन आठवडे झाले, भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगतोय. दूधवाल्याला सांगितली, दाढी करताना न्हाव्याला सांगितली, धारेश्वराच्या देवळापाशी संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना तर दोन-दोनदा सांगितली. सिंहगड रोडच्या कोंडीत रिक्षा अडकली तेव्हा रिक्षावाल्याला सांगितली. तो मागे वळून म्हणाला, "काका, म्हणजे माझ्यापण अंगात?" त्याच्यापण अंगात! तुमच्यापण, आत्ता, हे वाचताना. किडनीतल्या, कातडीतल्या, हाडांतल्या, मेंदूतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एक केस उभा आहे. एका पेशीला एकच. तो वल्ह्यासारखा हलत नाही की कशाला झाडत नाही. नुसता उभा राहून ऐकतो.

त्याचं नाव प्रायमरी सिलियम. मराठीत सिलियाला पक्ष्माभिका म्हणतात हे मला आता कळलं. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. पण भाचीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती यातलं काहीच म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "मामा, प्रत्येक पेशीला अँटेना असतो."

हे वाक्य माझ्या छातीत का घुसलं ते कळायला माझा धंदा सांगायला हवा. १९८४ पासून सत्तावीस वर्षं धायरी फाट्याजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. धायरी तेव्हा गाव होतं, महापालिकेत यायला २०१७ उजाडलं. माझं निम्मं काम दुकानात आणि निम्मं लोकांच्या गच्चीवर, पत्र्यावर. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा. धायरीतून मान वर केली की तो दिसतो, आणि तेव्हा पुण्यात कुठल्याही गच्चीवर चढलं की सगळ्या अँटेनांची तोंडं त्याच्याकडे असायची. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी माझ्या सायकलला उसंत नसायची. मी वर पाइप फिरवतोय आणि खाली खिडकीत घरातलं पोर उभं. "आलं का?" "नाही, मुंग्या!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" कांड्यांची लांबी चुकली, वायर कुजली, तोंड चार बोटं इकडचं तिकडे झालं, की पडद्यावर मुंग्या. आत कितीही भारी पिक्चर ट्यूब असू दे, गच्चीवरची ती कांडी धड नसेल तर टीव्ही म्हणजे नुसती काच. हे मी हजारो घरांत पाहिलंय. आणि हीच गोष्ट माझ्या स्वतःच्या अंगात चालू होती!

निमित्त मात्र चांगलं नव्हतं. माझी धाकटी बहीण गावठाणात राहते. तिचा रक्तदाब औषधाला दाद देईना म्हणून सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या पाण्याच्या फुग्यांनी भरलेल्या निघाल्या. किडनी साधारण दहा-बारा सेंटीमीटर लांब असते, तिच्या सतराच्या पुढे गेलेल्या. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "घरात आणखी कोणाला?" आणि आम्हा दोघांना एकाच वेळी वडील आठवले. १९९१ मध्ये ते गेले तेव्हा 'किडन्या फेल' एवढंच कळलं होतं, का ते कोणी विचारलं नाही. आता नाव कळलं: पॉलिसिस्टिक किडनी. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. हजारातल्या एक-दोघांच्या घरात हा वारसा फिरत असतो. माझीही सोनोग्राफी झाली. माझ्या किडन्या स्वच्छ. नाणं माझ्या बाजूने पडलं होतं, तिच्या बाजूने नाही, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्याच रात्री भाची आली. बहिणीचीच मुलगी, एम.एस्सी. करते, पेशींवर प्रकल्प चालू आहे. आईला झोपवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, आईचा बिघाड खरा कुठे आहे माहितीय? किडनीत फुगे होतात ते नंतर. आधी किडनीच्या पेशीच्या अँटेनावरचा एक भाग बिघडलेला असतो." मला वाटलं, मामाला समजावं म्हणून पोरगी सोपं करून सांगतेय. तर तिने लॅपटॉप उघडला.

काळी पार्श्वभूमी. निळे गोळे, म्हणजे पेशींची केंद्रकं. आणि प्रत्येक निळ्या गोळ्याशेजारी हिरवी, बारीक, टोकदार रेघ. एक गोळा, एक रेघ. एक गोळा, एक रेघ. मी खुर्चीतून उठलो. गच्च्याच दिसत होत्या त्या! विमानातून पुणे पाहावं आणि प्रत्येक घरावर एक कांडी असावी, तसं. भाची सांगत होती, या उंदराच्या पेशी आहेत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या. त्यांना खायला दिलं की त्या दुपटीने वाढत सुटतात आणि अशा धावपळीत केस फारसा दिसत नाही. चोवीस तास त्यांचं खाणं काढून घेतलं की वाढ थांबते आणि मग प्रत्येक पेशी शांतपणे आपला केस उभारते. "उपवास घडवतो आम्ही त्यांना," ती म्हणाली.

यामागचं कारण तर फारच सुंदर आहे. केसाच्या बुडाशी एक छोटा दंडगोल असतो, सेंट्रिओल. अँटेनाचा पाइप जसा पायात रोवलेला असतो तसा केस त्याच्यावर उभा राहतो. पण पेशीला दोन व्हायचं असतं तेव्हा गुणसूत्रांची वाटणी करायला तोच सेंट्रिओल लागतो. मग पेशी आधी अँटेना उतरवते, वाटणी करते, आणि दोन्ही लेकी आपापल्या घरी पुन्हा नवा अँटेना चढवतात. गच्चीचं काम निघालं की आधी अँटेना उतरवा, असं मी गिऱ्हाइकाला सांगायचो. पेशी हे कोट्यवधी वर्षं करते आहे.

किती बारीक असेल हा केस? जाडी मिलिमीटरच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढी. माझ्या डोक्यावरच्या एका केसाच्या रुंदीत असे तीनशे शेजारी शेजारी सहज मावतील. लांबी मिलिमीटरच्या काही हजारांश. आणि एवढ्याशा जागेत रचना काय! आतून नऊ नळ्यांच्या जोड्या, गोलाकार उभ्या केलेल्या. श्वासनलिकेत कफ ढकलणारे हलते सिलिया असतात, त्यांत या नऊ जोड्यांच्या मधोमध आणखी दोन नळ्या असतात. आपल्या या उभ्या केसात मध्य रिकामा. वल्ही मारण्याची यंत्रणाच काढून टाकलेली, फक्त ऐकण्याचा खांब ठेवलेला.

आता मला ज्याने सर्वांत जास्त हलवलं ते सांगतो. हा केस काल-परवा सापडलेला नाही! १८९८ मध्ये त्सिमरमान नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने माणसाच्या किडनीच्या नलिकांत तो पाहिला होता. साध्या सूक्ष्मदर्शकातून, हाताने चित्रं काढून. हा केस संवेदनेसाठी असावा, असा अंदाजही त्याने तेव्हाच लिहून ठेवला. किडनी, केस, संवेदना: तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात होत्या. आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं? १९६८ मध्ये सोरोकिन यांनी त्याला प्रायमरी सिलियम हे नाव दिलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो जागोजागी दिसत राहिला, पण बहुतेकांनी ठरवून टाकलं की हा उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष. वडील १९९१ मध्ये गेले. वडिलांच्या किडनीतल्या प्रत्येक नळीत हे केस उभे होते, आणि त्या वर्षी जगातल्या बहुतेक जाणत्या माणसांना ते बिनकामाचे वाटत होते. हा विचार आला की मी अजून जागच्या जागी थांबतो.

मग तो कामाचा आहे हे कळलं कसं? किडनी बघून नाही. शेवाळं बघून!

क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ असतं, डबक्यात, ओल्या मातीत. त्याला पोहायला दोन लांब शेपट्या असतात, आणि शेपटी म्हणजे आतून सिलियमच. अमेरिकेत येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की या विद्यार्थ्याला १९९३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की या शेपटीच्या आत काहीतरी ये-जा करतंय. बारीक कण बुडापासून टोकाकडे चालले आहेत आणि टोकाकडून परत येत आहेत. वर जाण्याचा वेग सेकंदाला दोन मायक्रॉन, उतरण्याचा साडेतीन.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सिंहगडच उभा राहिला. गडावरच्या मटक्यातलं दही, चुलीचं सरपण, भाकरीचं पीठ, सगळं खालून जायचं. अतकरवाडीच्या वाटेने बायाबापड्या पाटी डोक्यावर घेऊन चढायच्या आणि रिकामी पाटी घेऊन झपाझप उतरायच्या. सिलियमचं अगदी हेच आहे. त्याच्यात प्रथिनं तयार होत नाहीत. खांब उभा ठेवायला लागणारी प्रत्येक वीट पेशीच्या पोटातून आणावी लागते. ती वाहून नेणारे हमाल म्हणजे कायनेसिन नावाची प्रथिनं, ती चढतात. डायनिन नावाची दुसरी प्रथिनं माल घेऊन उतरतात. गडाला पुणे दरवाजा आहे तसा केसाच्या बुडाशीही दरवाजा आहे, वाटेल त्याला आत सोडत नाही. वाहतूक बंद पडली तर खांब उभाच राहत नाही. एवढ्या वर्षांत मी शेकडो वेळा तो गड चढलो असेन. आता चढलो तर मला पायाखाली नळी जाणवेल.

शेवाळातून किडनीपर्यंतचा रस्ता २००० मध्ये जुळला. या वाहतुकीतलं एक प्रथिन शेवाळात हाताला लागलं होतं. त्याचा जनुक उंदराच्या जनुकांशी ताडून पाहिला, तर तो एका आधीच ओळखीच्या उंदराशी जुळला. टेनेसीमधल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेतला हा उंदीर, किडनीत फुगे होणाऱ्या आजाराचा नमुना म्हणून पाळलेला. ग्रेगरी पॅझूर, रोझेनबाम, जॉर्ज विटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उंदराच्या किडनीतले केस मोजले. ते आखूड होते, खुरटलेले! शेवाळाची शेपटी आणि माझ्या बहिणीची सोनोग्राफी यांच्यामध्ये एक सरळ वायर निघाली. माझ्या बहिणीच्या आजारातले दोन जनुक पीकेडी-१ आणि पीकेडी-२, १९९४ आणि १९९६ मध्ये सापडलेले. त्यांची प्रथिनं, पॉलिसिस्टिन, तीही याच केसावर बसलेली निघाली. भाचीने सांगितलेलं अक्षरशः खरं होतं. तिने मामासाठी काही सोपं केलं नव्हतं.

त्या रात्री अडीच वाजले. मी तिला घरी सोडून आलो आणि गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीवर एक जुना अँटेना अजून आहे. काढायचा म्हणून राहिला. गडाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, अँटेना झाला, पण त्याला येतं काय? रेडिओलहरी तर नाहीत. ती म्हणाली, रसायनं. एक पेशी दुसऱ्या पेशीसाठी रेणू सोडते, तो केसावर येऊन बसतो, आणि केस तो निरोप आत पोचवतो. मग तिने मला हेजहॉगची गोष्ट सांगितली. हेजहॉग हा साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी. एका जनुकात बिघाड झाला की फळमाशीची अळी अशी काटेरी दिसते, म्हणून जनुकाचं नाव हेजहॉग. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतल्या त्याच्या एका भावंडाला तर व्हिडिओ गेमवरून सॉनिक हेजहॉग हे नाव मिळालं. गर्भात पाठीचा कणा कसा बसायचा, मेंदूचे दोन भाग कसे व्हायचे, हाताची बोटं किती फुटायची, हे ठरवणारा हा निरोप.

आणि त्याची व्यवस्था पाहा. केसाच्या ठिकाणी पॅच्ड नावाचं एक प्रथिन वॉचमनसारखं बसलेलं असतं. जोवर ते तिथे आहे तोवर स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला केसात प्रवेश नाही. हेजहॉगचा रेणू येतो, वॉचमनला धरतो, वॉचमन जागा सोडून जातो, स्मूदन्ड केसात शिरतं, आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत हुकूम पोचतो. न्यूयॉर्कमध्ये डानवेई हुआंगफू आणि कॅथरिन अँडरसन मज्जारज्जू नीट न घडलेले उंदीर तपासत होत्या. २००३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की बिघडलेले जनुक त्या वर-खाली करणाऱ्या हमालांचे आहेत. २००५ मध्ये स्मूदन्ड केसात शिरताना सापडलं. २००७ मध्ये रजत रोहतगी आणि मॅथ्यू स्कॉट यांच्या गटाने पॅच्डची जाण्याची आणि स्मूदन्डची येण्याची अदलाबदल दाखवली. चार-पाच वर्षांत 'निरुपयोगी अवशेष' गर्भाच्या घडणीच्या मध्यभागी येऊन बसला!

त्यातही एक गोष्ट मला भाचीकडून तीन वेळा समजून घ्यावी लागली, आणि समजली तेव्हा अंगावर काटा आला. निरोप आला की 'हो' म्हणायचं काम केस करतो, हे कळलं. पण निरोप आलेला नसताना 'नाही' म्हणायचं कामही केसाच्याच हाती आहे. ग्ली नावाचं प्रथिन तिथल्या यंत्रणेत कापलं जातं आणि त्याचा 'थांब' सांगणारा तुकडा होतो. केस मोडला की 'हो' पण जातं आणि 'नाही' पण जातं. हाताच्या कोंबात करंगळीच्या बाजूने हेजहॉग सुटतो. अंगठ्याकडे जाताना तो कमी होत जातो, तिथे 'थांब' सांगणारा तुकडा भारी पडतो, म्हणून बोटं पाचावर थांबतात. 'थांब' सांगणारं कोणी नसेल तर सहावं फुटतं, सातवंही फुटू शकतं. एरवी सहावं बोट हे बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असतं, त्याचा केसाच्या आजाराशी संबंध नसतो. कोणी घाबरू नये म्हणून हे मुद्दाम सांगतो. पण काही मुलांत जादा बोटं, हळूहळू जाणारी दृष्टी, वाढत जाणारं वजन आणि किडनीचा त्रास हे सगळं एकत्र दिसतं. बार्डेट आणि बीडल या डॉक्टरांनी १९२० आणि १९२२ मध्ये त्याची नोंद केली. बोटाचा डोळ्याशी काय संबंध आणि डोळ्याचा किडनीशी काय, हे ऐंशी वर्षं कोडं होतं. २००३ मध्ये उत्तर मिळालं: केसाचं बूड. एकाच इमारतीतले चार टीव्ही एकदम गेले तर मी खोल्यांत शिरत नसे, आधी गच्चीवर जात असे.

डोळ्याचं तर ऐकाच. आपण ज्याने पाहतो तो प्रकाश टिपणारा भाग, तोच मुळात रूप पालटलेला सिलियम आहे! एका बारीक मानेवर चकत्यांची उंच चवड, आणि रोज त्यातला दहावा हिस्सा गळून तेवढाच नवा चढतो. सगळा माल त्या मानेतून. मान बिघडली की रात्रीचं दिसणं आधी जातं. नाकातही तेच, वासाचे रेणू जिथे अडकतात ते सिलियाच. पहिल्या पावसात धायरीच्या उरल्यासुरल्या शेतांतून मातीचा वास येतो तो मी केसांनीच घेतो.

हे सगळं अमेरिकेतच घडलं असं मला वाटत होतं. पण भाचीने मुंबईचं एक काम दाखवलं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानु रे यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीच्या मिशांमधले सिलिया कसे पायरी-पायरीने उभे राहतात आणि त्यात कायनेसिन-२ हा हमाल काय करतो, हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. त्यातला एक मोठा निबंध २०११ चा आहे. केळ्यावर घोंगावणारी ती चिलटाएवढी माशी! इंग्रजीत कीटकाच्या मिशीलाही अँटेनाच म्हणतात. म्हणजे माशीच्या अँटेनाच्या आत, पेशीपेशीचा अँटेना. माझ्या धंद्याचा शब्द असा दोनदा एकात एक ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

आणि पुण्यात तर आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रावर कित्येक दशकं काम केलंय. गोड्या पाण्यातला, काही मिलिमीटरचा हा जीव, तुकडे केले तरी पुन्हा अख्खा होणारा. त्याच्या डंख मारणाऱ्या पेशीवर एक ताठ केस असतो, तो सिलियमच्याच घराण्यातला. भक्ष्य त्याला लागलं की डंख सुटतो. ती संस्था असलेल्या रस्त्यावरून मी आयुष्यभर सुट्या भागांच्या पिशव्या घेऊन गेलो आहे. भिंतीपलीकडे हे चाललं होतं!

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

मला वाटलं होतं, बहिणीचं गणित सरळ आहे. अँटेना बिघडला म्हणून चित्र बिघडलं. तर नाही. २०१३ मध्ये येलच्या स्टेफान सोम्लो यांच्या गटाने उंदरांवर एक प्रयोग छापला. पॉलिसिस्टिन काढून टाकलं की किडनीत फुगे जोरात वाढतात, हे माहीत होतं. त्यांनी पॉलिसिस्टिनही काढलं आणि वर केसही काढून टाकले. कोणालाही वाटेल, आणखी वाईट होणार. फुगे कमी झाले! भाची हे सांगताना थांबली, मला कळलं नसेल असं तिला वाटलं. मला मात्र तत्क्षणी कळलं, कारण हा बिघाड मी या हातांनी दुरुस्त केलेला आहे.

सिग्नल कमजोर असला की लोक अँटेनाला बूस्टर लावायचे. एखादा बूस्टर असा बिघडतो की आलेला सिग्नल वाढवायचं सोडून स्वतःच ओरडायला लागतो. त्याला आवरणारं सर्किट आतून गेलेलं असतं. मग त्या घराचा टीव्ही तर जातोच, शेजारच्या चार घरांतही पट्टे येतात. बूस्टरची वायरच काढली तर चित्रात मुंग्या येतात, पण पट्टे जातात. मोडका बूस्टर असण्यापेक्षा बूस्टर नसलेला बरा. किडनीत तेच आहे! केस 'वाढा, वाढा' असं काहीतरी सांगत असतो आणि पॉलिसिस्टिन त्याला आवरून धरत असतं. आवरणारं गेलं, केस मात्र शाबूत आहे, म्हणून तो ओरडत राहतो आणि नळीची भिंत फुगत जाते. बहिणीच्या किडनीत अँटेना तुटलेला नाही. तो उभा आहे, आणि त्याला 'पुरे' म्हणणारं कोणी नाही.

तो ओरडून नेमकं काय सांगतो, यावर अजून भांडण चालू आहे, आणि ते भांडणही मला आवडलं. २००१ मध्ये दोघांनी दाखवलं की किडनीच्या पेशीचा केस वाकवला की पेशीत कॅल्शियम वाढतं; म्हणजे नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा जोर केस मोजत असणार. कालव्यात रोवलेल्या काठीसारखा. सगळ्यांना ते पटलं, पुस्तकांत गेलं. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने जास्त बारकाईने मोजलं आणि म्हणाले, वाकवल्यावर केसात कॅल्शियम वाढताना आम्हाला दिसत नाही. पंधरा वर्षं पुस्तकात असलेलं उत्तर पुन्हा टेबलावर आलं, पेचकस लावून उघडलं गेलं.

परवा बहिणीला हे सगळं सांगितलं. आधी धीर होत नव्हता. आजारी माणसाला त्याच्या आजाराचं कौतुक कसं सांगायचं? पण लपवणंही जमेना. तिला गच्चीवर नेलं. संध्याकाळ होती, गड स्वच्छ दिसत होता. बुडापासून टोकापर्यंत सांगितलं, अतकरवाडीची वाट, वॉचमन, बूस्टर, सगळं. ती लहानपणी माझ्यासाठी खिडकीत उभी राहून "आलं, आलं" ओरडायची, त्यामुळे बूस्टरचं तिला लगेच समजलं. मध्ये एकदा तिने कमरेवर हात ठेवला, जिथे किडनी असते तिथे, आणि तसाच ठेवला. वडिलांनाही हेच होतं ना, असं विचारलं. मी हो म्हणालो.

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. अँटेनाच्या पाइपाला टेकून गडाकडे बघत होती. आणि म्हणाली, "दादा, ते केस इतकी वर्षं उभे राहून ऐकतात म्हणतोस. पण ते ऐकतात काय? पॉलिसिस्टिनला कोण येऊन भेटतं?"

मला उत्तर येईना. भाचीला फोन लावला आणि प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ती पलीकडे गप्प झाली, मग भराभर बोलायला लागली: मामा, हाच तर प्रश्न आहे, यावर उमेदवार बरेच आहेत पण सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही, आमच्या वर्गात हा प्रश्न विचारायला आम्हाला सहा महिने लागले, कोणी विचारला हा, तू?

मी म्हटलं, तुझ्या आईने.

"तिला फोन दे," भाची म्हणाली. "मामा, लगेच दे."